बेअरिंग नवं, रीडिंग चांगलं, तरी ब्लोअर घरघरतोय. ८६ हर्ट्झला काय आहे?

हळद_कुपवाड:

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं हळद पॉलिश आणि दळणाचं युनिट आहे, मी तिथला मेंटेनन्स बघतो. धूळ ओढायला दोन ब्लोअर आहेत, एक चालू आणि एक स्टँडबाय. दोन्ही पोटमाळ्यावर एकाच चॅनेलच्या फ्रेमवर शेजारीशेजारी बसवलेत. मोटरी १.५ किलोवॅटच्या, चार पोलच्या, इम्पेलर थेट मोटरच्या शाफ्टवर. दोन्ही बाजूंना ६२०५ झेडझेड बेअरिंगं.

दिवाळीच्या आधी दोन्ही मोटरींची चारही बेअरिंगं बदलली. एक नंबर तेव्हापासून रोज दोन पाळ्या चालतोय, तक्रार नाही. दोन नंबरची अर्धा तास ट्रायल घेतली, एकदम गुळगुळीत चालला, मग बंद करून ठेवला. परवा एक नंबरचा इम्पेलर साफ करायला काढला म्हणून दोन नंबर लावला, तर ड्राइव्ह एंडकडून (इम्पेलर असतो त्या टोकाकडून) घरघर. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला की खडखड स्पष्ट ऐकू येते. म्हणजे जो राबला तो ठणठणीत आणि जो नुसता बसून होता तो आजारी!

मित्राकडून व्हायब्रेशन अ‍ॅनालायझर आणला. टॅकोवर स्पीड १४४०. ओव्हरऑल, म्हणजे एकूण कंपन, १.४ मिमी/सेकंद. तक्त्याप्रमाणे छोट्या मशीनला १.८ पर्यंत चालतं, त्यामुळे मालक म्हणतात, "रीडिंग चांगलं आहे ना, मग चालू दे." फिटर म्हणतो ग्रीस कमी आहे. स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झला किती कंपन ते दाखवणाऱ्या आलेखात) २४ ला मोठी रेघ आहे, ती समजली, शाफ्टच्या वेगाची. पण ८६, १७२ आणि २५८ ला बारीक रेघा आहेत. १३० ला एक आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना १०६ आणि १५४ ला दोन. मशीनमध्ये एन्व्हलप नावाचा मोड आहे, त्यात ह्याच रेघा एकदम ठळक होतात.

ह्या रेघांचा अर्थ काय? आणि न चालवलेलं बेअरिंग जातंच कसं?

लूम_इचलकरंजी:

डुप्लिकेट माल, दुसरं काय. खोक्यावर नाव मोठं, आत भलतंच. आमच्याकडे असे किती आले. दुकान बदला.

ग्रीसगन:

कुपवाडकर, पहिलं काम म्हणजे फिटरच्या हातातली गन काढून घ्या. झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या शील्ड असतात, बाहेरून मारलेलं ग्रीस आत जाणार कुठून? ते मोटरच्या पोटात साठेल आणि उद्या वाइंडिंगवर जाईल.

आता तुमच्या रेघा. ६२०५ मध्ये साधारणपणे ९ बॉल असतात, बॉलचा व्यास ७.९४ मिमी, आणि बॉलच्या केंद्रांमधून जाणारं वर्तुळ ३९.०४ मिमीचं. एवढ्या तीन आकड्यांवरून सगळी कुंडली निघते. शाफ्टचा एक वळसा झाला की आउटरवरच्या (बाहेरच्या कड्यावरच्या) कुठल्याही एका बिंदूवरून ३.५८ बॉल जातात आणि इनरवरच्या (आतल्या कड्यावरच्या) एका बिंदूवरून ५.४२. बेरीज ९, म्हणजे बॉलची संख्या, त्यामुळे एक लक्षात ठेवला की दुसरा आपोआप मिळतो. केज, म्हणजे बॉलना अंतरावर धरणारा पिंजरा, त्याच वेळात ०.४ वळश्याला किंचित कमी सरकतो. तुमचा शाफ्ट सेकंदाला २४ वळसे मारतोय. २४ गुणिले ३.५८ म्हणजे ८६. २४ गुणिले ५.४२ म्हणजे १३०. आउटरवरही काहीतरी आहे, इनरवरही आहे.

८६ हा २४ च्या पटीत नाही, ही गोष्ट महत्त्वाची. अनबॅलन्स, अलाइनमेंट, ढिला फाउंडेशन बोल्ट यांच्या रेघा बहुतेक वेळा शाफ्टच्या पूर्ण पटीत येतात, फार तर अर्ध्या पटीत. इम्पेलरच्या पात्यांची रेघसुद्धा पूर्ण पटीतच. साडेतीनच्या थोडी वर, सव्वापाचच्या थोडी वर अशा तिरपागड्या पटीत रेघ दिसली की आधी बेअरिंगकडे बघायचं. प्रत्यक्षात बॉल थोडे घसरतात, म्हणून हिशेबापेक्षा एखाद-दोन टक्के इकडेतिकडे झालं तर दचकू नका.

१३० च्या शेजारच्या १०६ आणि १५४ या रेघा बघा: १३० वजा २४ आणि १३० अधिक २४. आउटर हाउसिंगमध्ये गच्च बसलेली असते. तिच्यावरचा खड्डा भार येतो त्या बाजूला असेल तर प्रत्येक बॉल त्यावर सारख्याच जोराने आदळतो, म्हणून ८६ आणि तिच्या पटी सुट्या, स्वच्छ येतात. इनर शाफ्टबरोबर फिरते. तिच्यावरचा खड्डा खाली आला की भार, वर गेला की भार नाही. दर वळश्याला आवाज चढतो आणि उतरतो, आणि ते चढणं-उतरणं या दोन साइडबँडच्या रूपाने दिसतं. बॉललाच डाग असता तर ११३ च्या आसपास रेघ आली असती, कारण बॉल स्वतःभोवती एकदा फिरताना तो डाग एकदा इनरला आणि एकदा आउटरला लागतो, आणि तिच्या शेजारी केजच्या वेगाच्या, म्हणजे साडेनऊ-साडेनऊ हर्ट्झ अंतरावरच्या रेघा असत्या. तुमच्या यादीत त्या नाहीत. बॉल वाचलेत असं सध्या धरू.

मालकांच्या १.४ बद्दल. तो आकडा खोटा नाही, पण तो १० ते १००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला वेग मोजतो, आणि त्यातला मोठा वाटा तुमच्या २४ च्या रेघेचा आहे. बॉल खड्ड्याच्या कडेवर आदळतो तो धक्का मिलिसेकंदाच्याही छोट्या भागाचा असतो. घमेल्यावर खडा पडावा तसं त्या धक्क्याने रेस (म्हणजे ही आउटर-इनर कडी), हाउसिंग, मोटरचं एंड कव्हर वाजतं, आणि वाजतं ते काही हजार हर्ट्झला. ती ऊर्जा ओव्हरऑलच्या खिडकीबाहेर राहते. एन्व्हलप मोड काय करतो? खालचा पट्टा फेकून देतो, वरचं ते वाजणं उचलतो आणि ते सेकंदाला किती वेळा होतंय तेवढं मोजतो. म्हणून तिथे ८६ आणि १३० ठळक दिसल्या. साखर कारखान्यात असताना मी हे चीफ इंजिनिअरांना दर सीझनला नव्याने समजावत असे. ते दर सीझनला मान डोलवत, आणि पुढच्या महिन्यात "ओव्हरऑल किती?" एवढंच विचारत.

आणि एक, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच येतो: "खड्डा किती खोल आहे?" खोलीला फारसं महत्त्व नाही, रुंदी बघायची. ८ मिमीचा बॉल १ मिमी रुंदीच्या खड्ड्यावर आला तर दोन्ही कडांवर टेकेपर्यंत किती उतरेल? भूमिती मांडून बघा. आउटरवर फक्त २६ मायक्रॉन, इनरवर ४० च्या आसपास. खाली विहीर असली तरी तेवढंच. इनरवर जास्त का? तर आउटर बॉलच्या दिशेने वळलेली असते आणि इनर बॉलपासून दूर. खड्डा २ मिमी रुंद झाला की मात्र हे चौपट होतं. ६२०५ ची नवी असतानाची नॉर्मल क्लिअरन्सच (आतली मोकळीक) मुळी ५ ते २० मायक्रॉन, सी३ ची (जास्त मोकळीक असलेल्या प्रकाराची) १३ ते २८. म्हणजे डोळ्याला टिकलीएवढा दिसणारा डाग बॉलच्या दृष्टीने बेअरिंगच्या सगळ्या मोकळ्या जागेपेक्षा मोठा आहे.

राहिला तुमचा खरा प्रश्न. अर्धा तास चाललेल्या बेअरिंगला फटीग पिटिंग (धातू थकून पडणारे खड्डे) होत नाही. आणि आउटर आणि इनर दोघींना एकदम डाग, म्हणजे ते डाग बॉलमधूनच पडलेत. तसं होण्याचे दोन रस्ते. एक, बसवताना आउटरवर हातोडा मारून इनर शाफ्टवर चढवली, सगळा मार बॉलमधून गेला. दोन, बेअरिंग उभं असताना बाहेरून हादरे बसत राहिले. तुमचे दोन्ही ब्लोअर एकाच फ्रेमवर आहेत, आणि ट्रायलला मोटर गुळगुळीत होती, यावरून माझा कौल दुसऱ्याकडे. पण अंदाजावर फ्रेम कापू नका. बेअरिंग काढा, उघडा, बघून सांगा.

उघडायची रीत: काढण्याआधी आउटरवर "वर" कुठे होतं ती खूण मार्करने करा. पुलरने काढा. शील्ड स्क्रू ड्रायव्हरने उचकटा. पत्र्याच्या केजचे रिव्हेट ग्राइंडरने उडवून केज काढून टाका. मग सगळे बॉल एका बाजूला गोळा करा, इनर आपोआप बाहेर येते. रेस कापायची गरज पडत नाही. गॉगल घाला, हे पोलाद फुटलं तर काचेसारखं उडतं.

इन्व्हर्टर_चाकण:

मोटरला व्हीएफडी (वेग बदलणारा इन्व्हर्टर) आहे का? असेल तर फ्लूटिंगही बघा. शाफ्टमधून करंट बेअरिंगमध्ये जातो, ट्रॅकवर आडव्या पट्ट्या पडतात, जुन्या धुण्याच्या फळीसारख्या. आमच्याकडे एका लाइनवर तीन मोटरी अशाच गेल्या. इन्सुलेटेड बेअरिंग आणि शाफ्टला अर्थिंगचा ब्रश लावल्यावर थांबलं.

हळद_कुपवाड:

@इन्व्हर्टर_चाकण व्हीएफडी नाही दादा, साधा डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) स्टार्टर आहे.

@ग्रीसगन काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल दुपारी उघडलं. जसं दिसलं तसं लिहितो.

आउटरच्या ट्रॅकवर खालच्या बाजूला पाच डाग. मधला सगळ्यात मोठा, कडेचे दोन अगदी पुसट. आकार लांबट, तांदळाच्या दाण्याला आडवं ठेवल्यासारखा, लांबी ट्रॅकच्या रुंदीच्या दिशेने. वरच्या अर्ध्या भागात काही नाही. इनरवर पण तसेच, एका बाजूला चार-पाच. डाग ट्रॅकच्या मधोमध आहेत, कडेकडे नाहीत. ग्रीस डागांच्या आसपास विटकरी झालंय, बोटावर घेऊन चोळलं तर बारीक पूड लागते, बाकीचं ग्रीस जसं होतं तसं. भिंग लावलं तर आसपासच्या ट्रॅकवर बारीक समांतर रेघोट्या दिसतात, डागाच्या आत मात्र त्या नाहीत, तिथे मॅट दिसतं. बॉलवर नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही.

कागदाची पट्टी आउटरच्या आत बसवून डागांवर पेन्सिल घासली. दोन डागांच्या मध्ये साडेसोळा मिमीच्या जवळपास भरतंय. इनरवर अकराला थोडं कमी.

ग्रीसगन:

शाब्बास. चांगल्या चांगल्या कन्सल्टंटच्या रिपोर्टात एवढं नीट वर्णन नसतं.

आउटरचा ट्रॅक सुमारे ४७ मिमी व्यासाचा, म्हणजे परीघ १४७.६. भागिले ९, म्हणजे १६.४. इनरचा ट्रॅक ३१.१ चा, परीघ ९७.७, भागिले ९ म्हणजे १०.८५. तुमची कागदाची पट्टी बॉलमधलं अंतर मोजून आली. प्रत्येक बॉल जिथे उभा होता तिथेच त्याने आपली जागा खोदली. फ्लूटिंगचा प्रश्न इथेच मिटला: ते बेअरिंग फिरत असताना होतं, पट्ट्या दाट असतात, आउटरवर साडेसोळा मिमीचं इतकं मोकळं अंतर सोडत नाहीत, आणि बॉल करडे पडतात.

हातोड्याचा मार पण नाही. तो अक्षाच्या दिशेने बसतो, डाग ट्रॅकच्या एका खांद्याकडे सरकलेले दिसले असते, आणि बहुधा पूर्ण गोलात. शिवाय मार लागून जे दबतं त्यात धातू फक्त खाली बसतो, ग्राइंडिंगच्या रेघोट्या त्या खळग्यातही शिल्लक राहतात. तुमच्या डागांतून त्या गायब आहेत, म्हणजे धातू दबलेला नाही, घासून गेलाय. विटकरी पूड हा त्या घासलेल्या धातूचाच ऑक्साइड. फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात ते हेच.

घडतं असं. एक नंबर चालतो, फ्रेम थरथरते. दोन नंबरचा रोटर आणि इम्पेलर आपल्या वजनाने खालच्या चार-पाच बॉलवर बसलेले. प्रत्येक हादऱ्याला बॉल जागच्या जागी काही मायक्रॉन पुढेमागे सरकतो. बेअरिंग फिरत असलं तर त्याच हालचालीत ग्रीसचा थर पुन्हा भरला असता. इथे थर एकदा बाजूला सरला की परत येत नाही, पोलादावर पोलाद, वर हवेतला ऑक्सिजन. दोन पाळ्या म्हणजे १६ तास, सेकंदाला २४ हादरे, रोजचे जवळपास १४ लाख. दिवाळीपासूनचा गुणाकार तुम्हीच करा. १९३० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटहून रेल्वेने पाठवलेल्या कोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगं अशीच जात. गाडी एक मैलही न चालता, डब्यात नुसती उभी राहून.

आणि लूमवाल्यांना: डुप्लिकेट माल बाजारात आहे, वाद नाही. पण त्याच खोक्यातलं बेअरिंग एक नंबरवर तेव्हापासून ठीक चाललंय. दुकानदाराला या खेपेला सोडा.

मापारी_भोसरी:

बेअरिंग तपासणीच्या लाइनवर काम करतो, म्हणून थोडी भर. वर सगळी चर्चा डागांची झाली. नव्या, निर्दोष बेअरिंगलाही कंपन असतंच. आमच्याकडे ते १८०० आरपीएमला तीन पट्ट्यांत मोजतात: ५० ते ३००, ३०० ते १८००, आणि १८०० ते १०,००० हर्ट्झ. ट्रॅक किंचित लंबगोल असेल किंवा त्यावर ग्राइंडिंगच्या लांब लाटा राहिल्या असतील तर पहिल्या पट्ट्यात दिसतं. बारीक खडबडीतपणा आणि कचरा वरच्या पट्ट्यात. लाटेची गंमत अशी की सगळ्याच लाटा त्रास देत नाहीत. ९ बॉलच्या बेअरिंगच्या आउटरवर परिघात बरोबर ९ लाटा असतील तर सगळे बॉल एकदम चढतात, एकदम उतरतात, शाफ्ट जागचा हलत नाही. ८ किंवा १० लाटा असतील तर एका बाजूचे बॉल वर असताना समोरचे खाली, आणि शाफ्ट आडवा ढकलला जातो. तीही रेघ ८६ लाच येते! म्हणून फक्त ८६ ला रेघ आहे एवढ्यावरून डाग आहे असं म्हणू नये. डाग टोकदार धक्का देतो, म्हणून पटी रांगेने येतात आणि एन्व्हलपमध्ये उठून दिसतात. लाट मऊ असते, तिला वरचं वाजवता येत नाही.

ग्रीसगन:

मापारी, हे छान सांगितलंत. ट्रायलला गुळगुळीत होता म्हणून लाटेकडे मी वळलोच नाही, कारण लाट असती तर पहिल्या दिवसापासून असती.

हळद_कुपवाड:

आता सगळं लक्षात आलं. मग करू काय? मालकांना फ्रेम वेगळी करायचा खर्च सांगायचा म्हणजे आधी चहा पाजावा लागेल. आणि नॉन-ड्राइव्ह एंडचं बेअरिंग आवाज करत नाही, ते ठेवलं तर चालेल ना?

ग्रीसगन:

नॉन-ड्राइव्ह एंडचंही बदला. इम्पेलर पलीकडे लटकतोय म्हणून त्याच्यावर भार कमी आहे, डाग पुसट असतील, पण तेही त्याच फ्रेमवर तेवढेच दिवस उभं होतं. मोटर उघडलेलीच आहे आणि ६२०५ काही सोन्याचं नाही.

फ्रेमचा खर्च लगेच नको. आधी एक नंबरचा इम्पेलर बॅलन्स करा. हळदीची पूड पात्यांना एका अंगाला चिकटते, तुमच्या फ्रेमच्या थरथरीचं मूळ बहुधा तेच आहे. साफ केल्यावर २४ ची रेघ किती उतरली ते तुम्हाला अ‍ॅनालायझर परत करायच्या आधी बघता येईल. दोन्ही मोटरींखाली रबराचे पॅड टाका.

आणि स्टँडबाय हा प्रकार बंद करा. दर सोमवारी ब्लोअर बदला, या आठवड्यात एक, पुढच्यात दोन. याला पैसे लागत नाहीत, फक्त फळ्यावर लिहून ठेवायला लागतं.

मालक बदलू देत नसतील तर निदान दर दोन-तीन दिवसांनी बंद ब्लोअरचा शाफ्ट हाताने फिरवा, आधी मेन स्विच बंद करून कुलूप घालून. पण बरोबर पाच वळसे मोजून देऊ नका. शाफ्टच्या पाच वळश्यांत केज जवळजवळ दोन वळसे पूर्ण करतो, आणि हिशेबाने बॉल आपल्या जुन्या खळग्यापासून जेमतेम सव्वा मिलिमीटरवर येऊन थांबतात. एक वळसा द्या, किंवा साडेतीन. हाताने फिरवताना बॉल घसरतात, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत धरू नका, पण फिटरला "पाच वेळा फिरव" एवढं मात्र सांगू नका.

हळद_कुपवाड:

फळ्यावर लिहिलं, सोमवार: अदलाबदल. एक नंबरचा इम्पेलर साफ करून आत्ताच परत चढवला, २४ ची रेघ निम्म्याच्याही खाली आली. पात्यांवरून निघालेली हळद पाऊण किलो भरली. मालकांनी ती वजन करायला लावली.